कडू देशमुखाचा मथळा

सरकीचा वास आला की कापसाच्या तेजीतली अमरावती आठवते. आम्ही वऱ्हाडातल्या घराण्यांचा कोश छापत होतो. एका नोंदीचा मथळा अडला. देशमुखाचा मुलगा, पण लग्नाच्या बायकोचा नव्हे. अशाला आमच्याकडे ‘कडू’ म्हणतात. त्याचा सावत्र भाऊ बजावून गेला, “कडूच लिवा. आडनाव आमचं हाये.” मग ज्याची नोंद होती, तो स्वतः आला. “पोरीचं लगन ठरलं हाये, भाऊ. नुसतं माह्यं नाव लिवा.” तसेच छापले. अकोल्याच्या व्याह्यांनी ते वाचले. “बापाचं नाव नाई, आडनाव नाई, म्हंजे कडूच!” सोयरीक मोडली. तो पुन्हा आला, म्हणाला, “आता लिवा कडू. लपवाले काई उरलं नाई.” पुढच्या आवृत्तीत लिहिले. तो वारला, कोश अजून नोंदीच्या त्याच मथळ्यासह विकला जातो.