न तपासलेलं शून्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्या आजारपणात शेवटचे दोन महिने मी तिच्या उशाशीच बसून होतो, तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे बोलायची हिंमत अजूनही नाही, असंही असेल.

मी नांदेडला पुराचा अंदाज देणाऱ्या सरकारी पथकाचा प्रमुख होतो. काम सांगायला सोपं. नदीकाठच्या गावात आमची मोजपट्टी असायची, म्हणजे आकडे रंगवलेला एक खांब, पात्रात उभा. गावातलाच एक माणूस ती वाचून आकडा वायरलेसवर कळवायचा. आम्ही हिशेब मांडून सांगायचो, पाणी किती चढेल, कोणाला हलवायचं. पट्टीचं शून्य जागेवर आहे ना, हे दर पावसाळ्यापूर्वी पातळी मोजायची दुर्बीण लावून तपासायचं आणि पत्रकावर सही करायची. ती सही माझी असायची.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आणि दुष्काळ. मांजरेच्या पात्रात नुसती वाळू. आमची जीप गावात शिरली की वाळूत खणलेल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं पाणी भरणाऱ्या बायका ओरडायच्या, "पूरवाले साहेब आले गं! घागरी उचला, न्हाईतर वाहून जातील!" मीही हसायचो. आतून मात्र जळायचो. पाणीच नसलेल्या नदीचा मी अधिकारी — माझी किंमत काय?

त्या गावी पट्टी वाचायचे शिवमूर्ती आप्पा. गळ्यात लिंग, कपाळी विभूती, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. रोज सकाळी आठला कोरड्या वाळूत उतरून पट्टीजवळ जायचे आणि वहीत लिहायचे, 'पाणी नाही'. मी एकदा म्हणालो, "आप्पा, घरी बसूनच लिहा की." ते म्हणाले, "बघितल्याबिगर कसं लिहू, साहेब?"

मला ते वाक्य तेव्हा भोळेपणाचं वाटलं होतं.

त्याच उन्हाळ्यात लोकांनी पट्टीच्या बुडाशीच झिरा खणला, कारण ओल तिथंच होती. खांब आडवा झाला. आप्पांनी कळवलं. मी म्हणालो, करा कुठंतरी उभा, शून्याशिवाय काय येणार आहे त्याच्यावर? त्यांनी चार माणसं लावून, दगडांचा चबुतरा रचून खांब उभा केला आणि पुन्हा कळवलं — आधीपेक्षा वर बसलाय, साहेब, येऊन तपासा.

मी गेलो नाही. जीप नव्या जिल्ह्याच्या टंचाईच्या कामाला दिली होती, हे खरं. पण एसटी होती. दुर्बीण दोघांनी उचलून नेण्यासारखी होती. मी टेबलाशी बसून मागच्या वर्षीच्या पत्रकातले आकडे नव्या पत्रकात उतरवले आणि सही केली. खात्यात सगळेच कधी ना कधी असं करायचे. — पाहिलंत? लगेच 'सगळेच'.

आणि त्याच वर्षी नदी आली.

नदीच्या वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस झाला. चौथ्या दिवशी सकाळी आठचा आकडा घ्यायला मी स्वतः वायरलेसवर बसलो. किती वर्षांनी काम मिळालं होतं! आप्पांचा आवाज चढलेला होता. "साहेब, पट्टीवर पाच मीटर दिसतंय. पर पाणी महादेवाच्या तिसऱ्या पायरीला लागलंय. तिसरी पायरी म्हणजे साडेपाच. पट्टी खोटं बोलायलीय."

मला खांब आठवला. चबुतरा आठवला. सही आठवली. हे सगळं त्या क्षणीच आठवलं, नंतर नाही, आणि ते मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. साडेपाच धरले तर हिशेबानं दुपारी खालचा कुंभारवाडा पाण्यात जात होता. पाच धरले तर पाणी हातभर खाली राहत होतं. साडेपाच लिहायचे, तर पट्टीवर पाच का, हे वरिष्ठांना लिहून द्यावं लागणार होतं.

मी म्हणालो, "आप्पा, आपण पट्टी वाचतो, पायऱ्या नाही. पाच."

ते म्हणाले, "कुंभाराचा नामदेव इथंच उभा हाय. त्याची माय अंथरुणाला खिळलेली. हलवू का म्हणायलाय. काय सांगू?"

"गरज नाही म्हणावं."

दुपारी पाणी कुंभारवाड्यात शिरलं. आप्पा स्वतः छातीभर पाण्यातून गेले, पोरंबाळं काढली. नामदेव बैलं वर नेऊन बांधायला गेला होता. त्याची आई घरातच राहिली. तिचं नाव चंद्रभागा. मी तिला कधी पाहिलं नाही.

आठवड्याच्या आत मी दुर्बीण घेऊन त्या गावी पोचलो. त्या दिवशी जीप लगेच मिळाली. खांब अर्ध्या मीटरनं वर होता, आप्पांनी सांगितला तेवढाच. मी अहवालात लिहिलं, 'पुराच्या जोरानं पट्टी सरकली.' कार्यालयात सकाळचा निरोप टिपलेला कागद होता, त्यात आकड्यापुढं 'पायरी साडेपाच' असं मीच लिहिलेलं होतं. तो फाडला.

चौकशीत मी सांगितलं की खांब हलल्याचं किंवा पायरीचं असं काही मला कळवलं नव्हतं. माझ्या सहीचं पत्रक समोर होतंच. आप्पांना विचारलं, तुम्ही कळवलं होतं का? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "कळवलं व्हतं. पर साहेब न्हाई म्हणत असतील, तर मग माझ्या शब्दाला काय हाय?"

त्यांना कामावरून काढलं. नामदेवानं त्यांच्या दारावर थुंकून सांगितलं, तुमच्याच तोंडानं माझ्या आईला घरातच ठेवलं. गावात त्यांना पाणी विचारेना कुणी. ते मुरुडला लेकीकडं राहायला गेले. मला पुढं बढती मिळाली.

तर नोंद अशी असावी: पट्टी पुरानं सरकली नव्हती. आप्पांचा आकडा बरोबर होता. तो मी दाबला, जाणूनबुजून.

पाच-सहा वर्षांनी ते मला लातूरच्या बसस्थानकावर दिसले. हातात पिशवी, कपाळी विभूती. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. "साहेब, बरे हाव का?" शिव्या देतील असं वाटलं, तर म्हणाले, "ती पट्टी नीट बसवली का हो मग?"

"बसवली," मी म्हणालो.

"बरं झालं. तिथं आता कोण वाचतंय?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. बाकावर सरकून माझ्यासाठी जागा केली. मुरुडची गाडी सुटायला अजून पाऊण तास होता.

मी घाईत आहे म्हणालो आणि निघून गेलो.