मध्ये वजन नको

खिडक्या बसल्या की आमचं बिऱ्हाड हलायचं. आबा सेंटरिंगचं काम करायचे, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खाली टेकू आणि फळ्या लावून साचा उभा करायचा. आई त्याच कामावर घमेली उचलायची. मूळ गाव नेसरीकडं, पण भावकीत वाटण्या होऊन हाती आलेली जमीन म्हणजे बैल वळवायलाही पुरायची नाही, म्हणून दोघं कोल्हापुरात आले. राहायला वेगळी खोली नव्हती. ज्या इमारतीचं काम चालू, तिच्याच तळमजल्यावर पत्रे आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचे पडदे लावून आम्ही राहायचो. भिंती झाल्या, गिलावा झाला, फरशी झाली, की सुतार खिडक्या घेऊन यायचे आणि आई कुणी न सांगता भांडी बांधायला घ्यायची. घर राहण्यासारखं झालं की ते आमचं नसायचं. त्याचं रोज वाईट वाटायचं असं नाही. थंडीत वाटायचं.

शाळा सारखी बदलायची. पत्ता विचारला की आबा अमक्या चौकातलं बांधकाम म्हणून सांगायचे आणि गुरुजी तेवढंच लिहून घ्यायचे. पावसाळ्यात कामं थांबायची, तेव्हा चूल दिवसातून एकदाच पेटायची. एवढं सांगितलं तरी पुरे. मी डिप्लोमा केला, मग डिग्री केली. आईकडं आणि आबांकडं मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पुण्यात काही वर्षं एका ऑफिसात स्ट्रक्चरचं काम शिकले आणि परत येऊन कोल्हापुरात स्वतःचं ऑफिस थाटलं. पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. गिरणी चालू झाली की टेबल थरथरायचं, त्यामुळं कंप म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला समजवायला सोपं जायचं. आर्किटेक्ट घर कसं दिसणार आणि खोल्या कुठं येणार ते ठरवतो. ते सगळं कशाच्या जिवावर उभं राहणार, ते माझं काम.

सुरुवातीला बंगले, दुकानांचे गाळे, चार-पाच मजली इमारती केल्या. मग नियम बदलले आणि आमच्याकडंही वीस-वीस मजल्यांची भाषा सुरू झाली. मुंबईवाला त्याला गगनचुंबी म्हणणार नाही. आमच्याकडं लोक गाडी बाजूला घेऊन वर बघत उभे राहतात.

असला पहिला टॉवर माझ्याकडं घेऊन आलेले मालक कागलकडचे. घरी म्हशी, दुधाचा धंदा, त्यातून पुढं जागांचे व्यवहार. त्यांची एक छोटी इमारत मी केली होती, ती आवडली म्हणून आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, वीस मजलं. जमतंय का सांगा, न्हायतर चहा पिऊन जातो." मी म्हटलं, चहाही प्या आणि कामही ठेवून जा.

चार मजल्यांपर्यंत मुख्य काळजी वरून खाली येणाऱ्या वजनाची असते. वीस मजल्यांना आडवा जोर त्रास देतो. वारा बाजूनं ढकलतो आणि भूकंप पायातून हिसका देतो. कोयनेकडनं येणाऱ्या हिसक्यानं फळीवरची भांडी वाजलेली आमच्या भागात बहुतेकांनी ऐकली आहेत. म्हणून उंच इमारतीला पाठीचा कणा द्यावा लागतो. लिफ्ट आणि जिन्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंती, पायापासून गच्चीपर्यंत सलग. त्याला कोअर म्हणतात. मी तो बरोबर मध्यावर काढला. मातीची तपासणी झाली होती, काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली कठीण खडक. सगळं नीट जुळत होतं.

मालक नकाशा घेऊन वास्तूवाल्यांकडं गेले आणि परत आले तेव्हा मध्यावर लाल गोल होता.

"मधी वजन नको म्हणत्यात. ब्रह्मस्थान हाय ते. लिफ्ट, जिना, जड काय असंल ते सगळं नैऋत्येच्या कोपऱ्यात घ्या."

मी त्यांना समजावलं. कोपऱ्यात खुंटा ठोकून जनावर बांधलं की ते खुंट्याभोवती फिरतं. कणा कोपऱ्यात नेला की वाऱ्यात आणि भूकंपात इमारत तशीच त्याच्याभोवती पीळ खाणार, आणि लांबच्या कोपऱ्यातल्या खांबांवर सगळा ताण येणार. त्यांनी मान हलवत ऐकलं. म्हणाले, तुमचं खोटं न्हाय, पण फ्लॅट बघायला येणारं माणूस पहिलं वास्तू विचारतंय, आणि घरातली मंडळी तर मला दारात उभं करणार न्हाईत. मग खाली बघत त्यांनी सांगितलं की दुसरं एक ऑफिस भिंती आणि खांब जाड करून कोअर कोपऱ्यात बसवून द्यायला तयार आहे.

कागदावर ते बसवता येतं हे मलाही माहीत होतं. पण तशा नकाशावर माझी सही होणार नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांनी आठवडाभर थांबतो म्हटलं. ते काम गेलं असतं तर गिरणीवरच्या खोलीतल्या बाईला गावात दुसरा टॉवर कुणी दिला नसता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

घरी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "त्यो म्हणतोय तितं ठेव की. लोक देवाला विचारल्याबिगर पाया काढत न्हाईत, आनि तू एकटी शानी." आबांनी भाकरी संपवली, वर पाणी घेतलं आणि एवढंच विचारलं, "पडली तर नाव कुनाचं?"

"माझं."

"मग झालं की." आणि उठले.

चार दिवस मी कोअर जरा इकडं सरकव, जरा तिकडं सरकव असं करत बसले. काही जमत नव्हतं. मग एका सकाळी प्लॉटवर जाताना दूध डेअरीसमोर थांबावं लागलं. कागलकडून येणाऱ्या दुधाच्या मोटरसायकली रांगेत होत्या, दोन्ही अंगांना कॅन लटकवलेल्या. एकानं डावीकडचा कॅन उतरवला तशी गाडी उजवीकडं कलंडली. त्यानं गुडघा लावून ती धरली आणि मागच्याला हाक मारली, "अरं बघतोस काय, पल्याडचं उतर की!" मागचा कलंडलेल्या गाडीकडं बोट करून म्हणाला, "तुझी ही म्हैस पडंपर्यंत थांबतो." दोघं हसले. मी मात्र गाडीकडं बघत राहिले. एवढं वजन वाहणाऱ्या गाडीच्या मध्यावर नुसतं माणूस बसायची जागा होती. सगळा भार दोन बाजूंना, सारखा.

दोन कोअरच्या इमारती मी कॉलेजात शिकले होते. दुधाच्या गाड्या लहानपणापासून बघत होते. या दोन गोष्टींची गाठ तोवर पडली नव्हती, एवढंच.

ऑफिसात जाऊन मधला कोअर पुसला आणि दोन काढले, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, मध्यापासून सारख्या अंतरावर. आगीच्या नियमानं एवढ्या उंचीला दोन जिने लागणारच होते, म्हणून प्रत्येक कोअरमध्ये एक जिना आणि लिफ्ट बसली. मध्ये प्रत्येक मजल्यावर मोकळी लॉबी. हिशेब केला तर पिळाला ही इमारत माझ्या पहिल्या नकाशापेक्षा घट्ट निघाली. आनंद झाला, पण मी दोनदा तपासलं.

मालक आले तेव्हा नकाशा उघडायच्या आधी मी म्हटलं, "मालक, दुधाच्या गाडीला एकाच बाजूला कॅन लावून बघा की."

"एका अंगाला? पहिल्याच वळणाला गडी उसात जाईल."

"तुमचा कोपऱ्यातला टॉवर तोच आहे. आणि हा दोन्हीकडं कॅन लावलेला."

त्यांनी नकाशा फिरवून फिरवून बघितला. मध्यावर बोट ठेवलं, तिथं काहीच नव्हतं. "हितं मोकळं?"

"मोकळं. वजन नाही."

"आनि हे आधी का न्हाय काढलं?"

"तुमच्या कागलच्या दुधाच्या गाड्या आधी माझ्या वाटेत आडव्या आल्या नव्हत्या."

वास्तूवाल्यांनी मध्य मान्य केला, नैऋत्येला थोडं जड हवंच म्हणाले. गच्चीवरची पाण्याची टाकी तिकडच्या बाजूला घेतली. तेवढ्यानं इमारतीला फरक पडत नव्हता, ते मी पाहून घेतलं होतं. त्यांचं समाधान झालं, माझं काही गेलं नाही.

मग खडकापर्यंत खोदाई झाली. जाड लोखंडाची जाळी बांधून सगळ्या इमारतीखाली एकच अखंड पाया ओतला. क्रेन उभी राहिली. आबांना मुद्दाम साइटवर नेलं. त्यांच्या वेळी फळ्या, टेकू, खिळे. इथं अल्युमिनियमचे तयार साचे, पिना मारून जोडायचे, काँक्रीट धरलं की सोडवून वरच्या मजल्यावर चढवायचे. आबांनी एक पत्रा वाजवून बघितला. म्हणाले, "ह्यात फळी चोरीला जायाची भीती न्हाय." मग साच्यावर तेलाचा हात फिरवणाऱ्या पोराजवळ बराच वेळ उभे राहिले. ते काम त्यांच्या काळीही असंच होतं. प्रत्येक मजला ओतला की इमारत सरळ जाते आहे का ते यंत्रानं मोजलं जायचं आणि आकडे माझ्याकडं यायचे.

आईला शेवटी नेलं, बाहेरून चढणाऱ्या कामाच्या लिफ्टमधून, वरच्या मजल्यावर. जोतिबाचा डोंगर दिसला तसे तिनं हात जोडले. आत माणसं खिडक्या बसवत होती. ती तिथं थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "खिडक्या बसल्या. चल, निघूया." म्हटल्यावर तिला स्वतःलाच हसू आलं. पण आम्ही निघालोच, कारण खाली मालक चहासाठी थांबले होते.

आता त्या इमारतीत लोक राहतात. आम्ही तिथं राहत नाही. मंजूर नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून सही माझी आहे, आणि दुसऱ्या टॉवरचं काम माझ्या टेबलावर आहे.