कौसल्याबाईंची चौथी भिंत

कौसल्याबाईंना घर मिळालं ते सरकारच्या नियमाने आणि बिल्डरच्या नाइलाजाने. नवरा तात्याराव ज्या मिलमध्ये कामाला होते ती बंद पडली, तशी मिलच्या चाळीतली खोलीही गेली. त्याच सुमारास इंदूरचा पैसा शहराबाहेर राऊकडे धावत सुटला होता आणि महू रोडला जिकडेतिकडे कॉलन्या उगवत होत्या. कॉलनी काढणाऱ्याने गरिबांसाठीही थोडी घरं बांधायची, असा नियम होता. रघुवीरजी बिल्डरांनी तो पाळला, पण एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. पुढे रोडवर कमानीचं फाटक, आत बंगले, बंगल्यांमागे फ्लॅट आणि सगळ्यांच्या मागे, नाल्याकडे तोंड करून, एका खोलीच्या घरांची ओळ. जाहिरातीत छापलं होतं, 'हर जेब के लिए घर'. रस्त्याबद्दल जाहिरात गप्प होती.

कारण त्या ओळीतून कॉलनीत जायला वाटच नव्हती. कौसल्याबाई कॉलनीतल्या चार घरी पोळ्या करत. मिल गेल्यापासून घर त्यावरच चाललं होतं. पहिलं घर पद्मजावहिनींचं. वहिनी शाळेत शिकवत. त्यांचे आजेसासरे होळकरांच्या दफ्तरात मोठे अधिकारी होते, हे पोळी गार मिळाली की त्या हटकून सांगत. त्यांचा तळमजल्यावरचा, अंगणवाला फ्लॅट कौसल्याबाईंच्या अगदी पाठीला, मध्ये माणूस जाईल एवढीच वाट. वहिनींनी मिरची फोडणीत टाकली की ठसका इकडे तात्यारावांना लागे. पण तिथे पोचायचं तर नाल्याकाठच्या चिखलातून अख्ख्या कॉलनीला वळसा घालून, महू रोडवरून फाटकात शिरावं लागे. पावसाळ्यात दोनदा उशीर झाला, तशी वहिनी म्हणाल्या, "कौसल्याबाई, असं असेल तर मी दुसरी बाई बघते हं."

त्या संध्याकाळी कौसल्याबाईंनी शेजारच्या विजय मिस्त्रीला बोलावलं. ही घरं त्यानेच बांधली होती आणि रघुवीरजींची कंजुषी त्याला तोंडपाठ होती. त्याच्याकडून कळलं, की सेठने कॉलनीची मागची भिंत वेगळी बांधलीच नव्हती. छोट्या घरांच्या पाठी एकमेकींना जोडल्या आणि म्हणाला, झाली कॉलनीची भिंत!

"तर मग विजय भिया, पाड हिच्यात दार," कौसल्याबाई म्हणाल्या.

तात्याराव खाटेवरून उठलेच. "अगं, ती बाबासाहेबांच्या फोटोची भिंत आहे!"

"मग? बाबासाहेबांनी भिंती सांभाळायला सांगितलं होतं काय?" असं म्हणून त्यांनी फोटो काढला, पदराने पुसला आणि बाजूच्या भिंतीवर नीट टांगला. तात्यारावांनी खाट बाजूला ओढली.

दार झालं आणि वहिनींच्या ताटात गरम पोळी पडू लागली. पण बातमी ओळभर पसरली. धुणीभांडीवाल्या, माळी, झाडूवाल्या, सगळे कौसल्याबाईंच्या खोलीतूनच कॉलनीत जाऊ लागले. तात्याराव साबण फासून दाढीला बसत आणि तोंडावरचा फेस आवरत येईल त्याला 'जय भीम' करत. कोणी जाता जाता चहा घेई, कोणी चिखलाची चप्पल पुसून जाई. घर कसलं, इंदूरच्या राजवाड्यापुढचा गजबजलेला चौक झाला होता. कौसल्याबाई मात्र खूश.

मग कॉलनीच्या मीटिंगमध्ये तक्रार झाली. कोणी केली? वहिनींनी. "कोणीही येतं हो आत!" त्या म्हणाल्या. रघुवीरजींचा निरोप आला, की दार बंद करा, नाहीतर रजिस्ट्री होणार नाही.

हे मात्र खरोखरीचं संकट होतं. घराचा ताबा होता, पण कागद अजून सेठच्या हातात होते. तात्यारावांचं तोंड उतरलं. आधी नोकरी गेली, मग खोली गेली, आता हेही जाणार. "घर गेल्यावर दार घेऊन कुठे जाशील?" ते म्हणाले आणि स्वतःच विटा गोळा करू लागले. कौसल्याबाईंना त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. रात्रभर त्याही जाग्याच होत्या.

सकाळी रघुवीरजी आले. बरोबर विजय मिस्त्री, मान खाली घालून. पलीकडे वहिनी आणि निम्मी कॉलनी तमाशा बघायला उभी.

"बाई, दीवार कॉलनी की है," रघुवीरजी म्हणाले. "आपने हाथ लगाया कैसे?"

"कॉलनीची? पक्कं ना, सेठजी?"

"सौ टका."

"मग माझ्या घराला भिंती तीनच झाल्या की. चौथी कब बांध के दे रहे हो? आणि जर ही माझी असेल, तर मी हिच्यात दार पाडीन नाहीतर झरोका, आपको क्या?"

रघुवीरजी मनातल्या मनात हिशेब करू लागले. चौथी भिंत एकीला दिली, तर ओळभर द्यावी लागणार. आणि ती बांधायला जागा कुठली? मागची वीतन् वीत त्यांनी विकून खाल्ली होती. विजयने खालच्या मानेनेच सांगितलं, "सेठ, वहिनीजी का आंगन तोडना पडेगा."

"माझं अंगण?" वहिनी पुढे झाल्या. "राहू द्या हो रघुवीरजी! दार काही एवढं वाईट दिसत नाही."

पुढच्या महिन्यात रजिस्ट्री झाली. कारकुनाने घराच्या चारी बाजू विचारल्या. समोर नाल्याकाठची गल्ली, दोन्हीकडे शेजाऱ्यांची घरं. "और पीछे?" सेठचा मुनीम बोलणार होता, 'कॉलनी की दीवार', पण रघुवीरजींनी त्याचा हात दाबला. "रास्ता लिखो," ते कसंबसं म्हणाले. म्हणजे मागचं दार आता कागदावरही पक्कं झालं. कौसल्याबाईंनी सही केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

परतताना सवारीच्या टेंपोने दोघांना कमानीच्या फाटकापाशी सोडलं. तात्याराव सवयीने नाल्याच्या वाटेला वळले. मग थांबले, सदरा नीट केला आणि सरळ कमानीखालून आत निघाले. चौकीदार आडवा आला.

"किसके यहाँ जाना है?"

"अपने घर," तात्याराव म्हणाले, आणि मिल बंद पडल्यापासून पहिल्यांदाच कौसल्याबाईंना त्यांच्यामागून भरभर चालावं लागलं.