नितेशने धरून ठेवलेला सूर

आधीच सांगते, इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, पण त्यातले निम्मे मला खरे वाटत नाहीत. बाबा कोळसा खाणीत नोकरीला, लहानपण माजरीच्या कॉलनीत, शाळा इंग्लिश मीडियम. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरचीसुद्धा लागली नाही. कुणी भुताची गोष्ट काढली की मी मोबाइलमध्ये तोंड घालून बसणार. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. एवढं सलग मराठी शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

बँकेत लागले तेव्हा माझं पहिलं पोस्टिंग वडशाला होतं. वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचं गाव. दिवाळीपासून होळीपर्यंत इथल्या कंपन्या गावोगाव नाटकं करत फिरतात. माझी भाड्याची खोली अशाच एका कंपनीच्या ऑफिसवर होती. खाली दुपारी तालीम चालायची. ऑर्गनवर नितेश.

एकदा जिना चढताना मी काहीतरी गुणगुणत होते. खालचा ऑर्गन थांबला, आणि मी ज्या सुरात होते तोच सूर कुणीतरी दाबून धरला. मी गप्प. सूर चालूच... मी पळत वर गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो जिन्याखाली उभा होता.

"मॅडम, माहा चहा थंड झाला, तरी सूर धरून होतो. तुम्ही तं आल्याच नाई."

"मी गात नाही."

"मंग जिन्यावर कोण होतं? भूत?"

झाडीपट्टीत गाणी स्टेजवर खरोखर गातात. नट घाबरला, शब्द विसरला, की ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो — त्याला वाट सापडेपर्यंत. "बाकीचे वाजवतात, आमचं काम थांबाचं आहे," असं तो म्हणायचा.

पुढे आमची मैत्री झाली. मैत्रीच. याहून जास्त काही होतं का, ते मी इथे लिहिणार नाही. रविवारी तालमीची खोली रिकामी असायची, तेव्हा तो मला त्याच्या आईचं एक गाणं शिकवायचा. धान रोवताना बाया म्हणतात तसलं. माझी एकच अट होती — फोन बाहेर. माझा आवाज कुणी रेकॉर्ड करेल याची मला फार भीती वाटायची.

"तुह्यासाठी तवाच काढतो एक दिवस," तो म्हणाला. तवा म्हणजे जुन्या ग्रामोफोनची तबकडी. "मी वाजवून ठेवतो. तू घरी दार लावून म्हण. तवा काही व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड नाई होत."

मला वाटलं गंमत करतोय. पण त्याने खरंच एका मोठ्या शहरात कुणाला तरी रेकॉर्डिंग पाठवलं होतं, जो एकेकच तबकडी कोरून देतो. "येईल," एवढंच म्हणायचा.

तबकडी आली नाही. त्याच हंगामात, नाटक आटपून परतताना, पहाटे त्यांची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. नितेश गेला.

त्याचं गाव आरमोरीच्या पुढे, तलावाच्या काठावर. घरचा धंदा मासेमारी. मी भेटायला गेले तेव्हा त्याची आई, शकुंतलाकाकू, येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या. तो शेवटचा निघाला त्या दिवशी त्या मासे विकायला आरमोरीच्या बाजारात गेल्या होत्या. तो बॅग घेऊन दारात बसला होता. गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला, आणि तो गेला. त्या पोहोचल्या तेव्हा गाडीची धूळसुद्धा बसली नव्हती.

"थोडासाक थांबला असता तं काय झालं असतं? काऊन नाई थांबला वं?"

मग त्यांनी माझा हात धरून विचारलं, "तुह्याजवळ त्याचा आवाज आहे काय?"

नव्हता. कुणाकडेच नव्हता. त्याचा फोन गाडीत चिरडला. नाटकांचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यात हिरॉईन दिसते. ऑर्गनवाल्याला डायलॉग नसतात.

दोन वर्षं गेली. नितेश गेल्यावर लगेचच बाबांची बदली झाली होती, आम्ही घुग्घुसला आलो, मीही बदली मागून घेतली. मग एक दिवस माजरीच्या जुन्या शेजारणीचा फोन आला — "तुझ्या नावाचं चपटं पार्सल आलंय." नितेशने आमच्या जुन्या क्वार्टरचा पत्ता दिला होता. बंद क्वार्टर बघून ते परत जात राहिलं असणार. खोक्यावर शिक्क्यांवर शिक्के होते.

आत काळी तबकडी. मधल्या गोल कागदावर छापलेलं — मानसीसाठी. दार लावून ऐकणे.

मी एक छोटा, बॅटरीवर चालणारा प्लेअर मागवला. रविवारी दुपारी दार लावलं आणि सुई ठेवली. आधी खरखर. मग तो.

"हं... मानसी. कोणी ऐकून नाई राह्यलं. म्हण."

आणि सूर. माझ्याच पट्टीतला, उंच. मला गाता आलं नाही. थोड्या वेळाने सूर सुटला आणि तो आईचं ते गाणं पूर्ण, एकटाच वाजवत गेला. त्या आठवड्यात मी ते अनेकदा ऐकलं. सूर दर वेळी तेवढाच — पाण्याच्या फिल्टरखाली ग्लास भरेपर्यंत संपायचा. हे मुद्दाम सांगतेय.

तबकडी माझ्यासाठी होती, पण आवाजावर हक्क काकूंचा होता. पुढच्या शनिवारी सुट्टी होती, मी प्लेअर घेऊन आरमोरीची बस धरली.

काकू ओसरीत शिंगाडे सोलत होत्या. आधी म्हणाल्या, "वाळली वं तू." मग प्लेअर पाहून, "हे काय, टिफिन होय?"

मी सांगितलं. त्यांनी हात लुगड्याला पुसले. मी सुई ठेवली.

त्याचा आवाज आला. काकू हलल्याच नाहीत. "थोच आहे," एवढंच म्हणाल्या.

मग सूर आला. पण खाली, खूप खाली. मला वाटलं, बॅटरी उतरली. वाट पाहिली... सूर संपेना. सुई अडकली असावी म्हणून वाकून पाहिलं. तबकडी फिरत होती, सुईचा दांडा आपला सरकत होता. सूर तसाच धरलेला.

काकूंनी गायला सुरुवात केली.

पहिल्या शब्दाला ऑर्गन वळला. त्यांच्याबरोबर, त्यांच्या चालीने, जरा मागे राहून. दुसऱ्या कडव्यात त्या अडखळल्या, त्यांना ठसका लागला. ऑर्गन थांबला नाही, पुढेही गेला नाही — एकाच सुरावर उभा राहिला. मी आत जाऊन पाणी आणलं. त्या प्यायल्या. तांब्या खाली ठेवला. विसरलेली ओळ आठवली, मग गाणं पुढे गेलं. शेवटपर्यंत.

मी सुई बाजूला घेतली. मग त्या म्हणाल्या, "अजून एकडाव लाव."

मी लावलं. या वेळी सूर उंच होता, माझ्या पट्टीतला. काकूंनी तोंड उघडेपर्यंत सुटलासुद्धा, आणि गाणं त्यांना मागे टाकून निघून गेलं. मी सुई उचलली. पुन्हा ठेवणार होते, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. थांबला न तो एकडाव."

माझा मावसभाऊ इंजिनिअर आहे. तो म्हणाला, बॅटरी कमी झाली की तबकडी हळू फिरते, सूर खाली येतो. येत असेल. पण मग त्याआधीचं बोलणंही घोगरं व्हायला हवं होतं, ते झालं नाही. आणि कोरलेली तबकडी कुणाचं पाणी पिऊन होईपर्यंत कशी थांबेल? मी तिथे एकटी नव्हते, झोपेत नव्हते, एवढंच सांगू शकते.

तबकडी आणि प्लेअर मी काकूंकडेच ठेवून आले. गेल्या महिन्यात फोनवर विचारलं, ऐकता का कधी?

"नाई वं पोरी," काकू म्हणाल्या. "रोज रोज काऊन थांबवू त्याले? जाऊ दे आता."