खांबाखाली पोर

सावित्रीच्या खाडीवर आम्ही पूल बांधला, त्याच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या. ही एक मात्र इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यात मी शहाणा दिसत नाही.

पुलाचं डिझाइन मुंबईहून आलं होतं; साइटवरचा इंजिनिअर मी. खाडीत गाळच गाळ. खडक लागेपर्यंत खाली जायचं, सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट ओतायला घेतलं की थांबायचं नाही. नेमकी तेव्हाच गावातली रिकामटेकडी मंडळी कामाच्या फलाटावर चढून फोटो काढायची. सुटीवर आलेले मुंबईकर तर गॉगल लावून क्रेनला टेकायचे. मनाईची पाटी लावली, तर तिच्यावर कुणी टॉवेल वाळत घातला.

मग मी डोकं चालवलं. काठावर शिंपल्या वेचणाऱ्या एका म्हातारीला गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "आजी, खांबाखाली पोर द्यावं लागतं. नातवंडं सांभाळा."

दुसऱ्या दिवशी साइट मोकळी! ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. पदवीचा इतका उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

थोड्याच दिवसांत ती थाप मोबाइलवर फिरू लागली, कुणा बाईच्या रडण्यासकट. आणि गावकऱ्यांनी महाडहून येणारी बोहारीण धरली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई वर्षानुवर्षं त्यांच्याच ओट्यांवर बसायची. तिला ओढत आमच्या फाटकापाशी आणलं.

"बोचकं सोड गो! पोर हाय का त्यात?"

"पोर नाय रे, तुझीच फाटकी लुंगी हाय. बघ!"

कुणीतरी तिच्या थोबाडीत मारली. तिने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही शिकलेले. सांगा ना यांना, पूल काय पोरं खातो?"

एक वाक्य पुरलं असतं. पण मागे काँक्रीट चालू होतं आणि गावाची भीती माझी राखण फुकटात करत होती. मी म्हणालो, "पोलीस बघतील. इथे गर्दी नको."

पोलिसांनी तिला सोडलं. त्या गावात मात्र तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही. उद्घाटनाला मंत्र्यांनी नारळ फोडला, मी विज्ञाननिष्ठेवर चार शब्द बोललो, आणि त्याच गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतर मी महाडातच राहिलो; तिथे ती बोहारीण चवदार तळ्यामागच्या गल्लीत फिरताना दिसली. मी घरून जुने कपडे घेऊन तिला गाठलं. तिने पँट उजेडात धरली. "गुडघ्यावर विरलीय, साहेब. लहान पातेलं येईल." तिने मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

बाई, ती थाप माझी होती, तुम्हाला मार माझ्यामुळे बसला, एवढंच सांगायला मी गेलो होतो. तोंडातून निघालं ते, "याहून मोठं नाही का येणार?"