मेणाखालचं अक्षर

माझी आई अहेरीच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या मनगटावर माझ्या वडिलांचं जुनं स्विस घड्याळ असतं, पुरुषी आणि जाड. तबकडीच्या खालच्या बाजूला एक छोटा गोल आहे, त्यात सेकंदाचा काटा फिरतो. त्या काट्यावर ती नाडी मोजते. दवाखान्याच्या भिंतीवरही घड्याळ आहे, पण ते खेड्यातल्या बाळंतिणीच्या खाटेपाशी नेता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आईचं घड्याळ खाटेच्या लाकडी माच्यावर आदळलं आणि थांबलं. मी नागपूरहून कॉलेजच्या सुटीत आले होते. पावसाळ्यात नदी चढली की अहेरीची मोटार बंद होते, आणि त्याच दिवसांत आईला गावोगाव हिंडावं लागतं. घड्याळ त्याआधी चालू व्हायला हवं होतं. म्हणून आम्ही चांद्याला आलो.

जटपुरा दरवाज्याच्या आत एका मुसलमान घड्याळजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेची पेटी, मागे तो आणि त्याचं अखंड बोलणं. नागपूरवाल्यांनी हात टेकलेली घड्याळं आपल्याकडे कशी येतात, हे त्याने आम्ही बसायच्या आत सांगून टाकलं. मला असा माणूस समोर आला की खाली बघावंसं वाटतं. पण घड्याळ उघडताना त्याचे हात बघितले आणि मी मान वर केली. ते हात तोंडासारखे नव्हते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

आतल्या झुलत्या चाकाचा बारीक दांडा मोडला होता आणि त्याचं टोक कुठेतरी हरवलं होतं. त्यामुळे माप घेता येईना.

"हे दोन भाऊ हायेत, बाई," तो म्हणाला. "सूरत एक, हाड वेगळं. याचा दांडा त्याले बसत नाई."

सारख्या दिसणाऱ्या दोन प्रकारांपैकी कोणता भाऊ आपल्यापुढे आहे, हे आतल्या पत्र्याच्या काठावर कोरलेल्या आकड्यावरून कळतं. त्याने डोळ्याला भिंग लावून आकडा वाचला, नागपूरला कळवलं, आणि आम्ही चांद्यातच एका नातेवाइकांकडे राहिलो. दांडा आला. बसला नाही. केसभर जाड होता.

घड्याळजीने आकडा पुन्हा वाचला, तो तोच निघाला. आईने विचारलं, दुसरं घड्याळ मिळेल का. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण तिचा अंगठा मनगटावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून फिरत होता, जिथे ऊन कधी लागलं नव्हतं.

तो भिंग आईला देत होता, खात्री करून घ्या म्हणत. आईने ते माझ्याकडे सरकवलं. मी वाकून पाहिलं. आकडा स्वच्छ दिसत होता. पण सगळा पत्रा पांढरा आणि आकड्यापुढचा ठिपका तेवढा पिवळसर.

"इथे काहीतरी पिवळं आहे," मी आईला म्हणाले, त्याला नाही.

आईने भिंग न लावताच सांगितलं, "मेण आहे ते, भाऊ. मीच लावते."

आमच्याकडे जंगलातल्या पावसात घड्याळ टिकत नाही, म्हणून दर मृगाच्या आधी ती झाकणाच्या फटीत मधाच्या पोळ्याचं मेण भरते. उन्हाळ्यात तेच पातळ होऊन आत उतरलं असणार आणि काठावर गोठलं असणार. घड्याळजीने काडीला कापूस गुंडाळला, पेट्रोलमध्ये बुडवला आणि तो ठिपका पुसला. आकड्यापुढे एक बारीक अक्षर उघडं पडलं. दुसरा भाऊ.

आईने माफी मागितल्यासारखं काही पुटपुटलं. त्याने मान हलवली.

"काऊन, बाई? आत गंजाचा ठिपका नाई. इतक्या पावसात राहिलेली घडी म्या अशी पाह्यली नाई. मेणानं एक अक्षर खाल्लं, बाकी सारं राखलं."

दुसरा दांडा आला, तेव्हा आकाश भरत आलं होतं. त्याने तो बसवला, चावी दिली आणि घड्याळ आईपुढे ठेवलं. पुन्हा मेण त्यानेच लावलं, झाकणाच्या बाहेरून, दोऱ्याइतकं.

आईने घड्याळ कानाला लावलं नाही. तिने हात पुढे केला. त्याला आधी कळलं नाही, मग त्याने बाही वर करून मनगट काचेच्या पेटीवर ठेवलं. तिने तीन बोटं टेकवली आणि छोट्या काट्याकडे बघत राहिली. तो बडबड्या माणूस श्वास रोखल्यासारखा बसला होता. रस्त्यावरून टांगे जात होते. त्या दोघांपैकी कोणाकडे बघावं, मला ठरवता येईना.

"घड्याळ नीट चालतंय," आई म्हणाली. "तुमची नाडी जलद आहे, भाऊ. चहा कमी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने आम्ही अहेरीला निघालो.