वंदनाबाईंचा रविवार

वंदनाबाई आमच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीला शिकवायच्या. अंबडहून एसटीनं यायच्या, फाट्यापासून दोन किलोमीटर चालायच्या. अक्षता ही त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. शाळा सुटल्यावरही बाई तिची शिष्यवृत्तीची तयारी करून घेत.

आरक्षणाच्या आंदोलनात गाव दुभंगलं. चहाची हॉटेलंसुद्धा वाटली गेली. वर्गात बाईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही. पण एका रविवारी त्या अंबडच्या सभेत आपल्या समाजाच्या बाजूनं बोलल्या. पाचच मिनिटं.

सोमवारी त्या भाषणाचा व्हिडिओ घरोघरी पोचलेला. एकतीसपैकी तेरा मुलं, दुसऱ्या बाजूच्या घरांतली, आली नाहीत. त्यात अक्षता.

"बाई, आपण सरकारी नोकर. कशाला गेलात?" शिक्षकांच्या खोलीत मी विचारलं.

"सर, माझ्या लेकीचा प्रवेश दोन गुणांनी हुकला. वर्गात मी बाई असते. रविवारी तरी आई असू नये का मी?"

चार दिवस वाट पाहून आम्ही दोघं अक्षताच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी, भुजंगरावांनी, खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं.

"बाई, तुम्ही शाळेत कधी भेद केला न्हाई, बिलकुल मान्य. पण पोरीनं तुमचं भाषण ऐकलं. मंग तिला काय समजावू?"

तेवढ्यात अक्षता वही घेऊन बाहेर आली.

"बाई, चाचणीत माझ्या निबंधाला सहाच मार्क दिल्ते. आम्ही तिकडचे म्हणून का?"

बाईंनी उभ्या उभ्या तो निबंध पुन्हा वाचला. "शेवट अर्धवट राहिलाय गं, बाळा."

अक्षतानं होकारार्थी मान हलवली. वही परत घेताना मात्र तिनं बाईंकडं पाहिलं नाही.

परतताना बाई फाट्यावर म्हणाल्या, "आधी तिला असं विचारावंसं वाटलं नसतं, सर."

पुढं कुणीतरी तक्रार केली, चौकशी झाली. अक्षताचं नाव वडिलांनी दुसऱ्या शाळेत घातलं. बाईंची बदली जाफराबाद तालुक्यात झाली. गावात पुन्हा वाद नको म्हणून निरोप समारंभही झाला नाही.

तिकडं त्यांनी स्वतःहून पहिलीचा वर्ग मागून घेतला. परवा मी फोन केला.

"बरं चाललंय," त्या म्हणाल्या. "इतकी लहान पोरं तसलं काही विचारत नाहीत."